“दात येतायत” म्हणण्याआधी

जूनच्या शेवटच्या आठवड्यातली रात्र. बाहेर पाऊस कोसळत होता, लेकीचं अंग तव्यासारखं तापलं होतं आणि घरातली आम्ही तिन्ही मोठी माणसं एकमेकांना एकच गोष्ट सांगत होतो, दात येतायत. गेले तीन दिवस तेच सांगत होतो. मला लिहायचंय ते खरं त्या तीन दिवसांबद्दल. पण आधीचे तीन-चार महिने सांगितल्याशिवाय ते कळायचं नाही. शिवाय त्या महिन्यांत बाळाला कशाने बरं वाटतं, कशाने नाही, हे आम्ही रात्र-रात्र जागून शिकलो. तेही कुणाच्या उपयोगी पडेल.

आम्ही ठाण्यात चरईत राहतो. जुनी बिल्डिंग, दुसरा मजला. लेक नोव्हेंबरच्या मध्यावर झाली. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नेमकं तेव्हाच झालं होतं, म्हणून सासूबाई सावंतवाडीहून आल्या. मी त्यांना आईच म्हणते. त्यांनी तीन मुलं वाढवली, जावांची आणि नणंदांची आणखी पाच-सहा. बाळाला कसं धरायचं, कसं न्हाऊ घालायचं, पोटात कळ आली की पाय कसे दुमडायचे, हे सगळं मी त्यांच्याकडून शिकले. पुढे काही बाबतीत आमचं पटलं नाही, त्यामुळे हे आधीच सांगून ठेवते.

मार्चमध्ये लाळ सुरू झाली. सुरू झाली म्हणजे नळ उघडल्यासारखी. दिवसाला सात-आठ लाळेरी भिजायची, झबल्याची छाती कायम ओली, मूठ मनगटापर्यंत तोंडात. आई म्हणाल्या, दात लवकर येणार. मीही दिवसातून चार वेळा बॅटरी घेऊन तिच्या तोंडात बघायला लागले. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, लाळ तीन-चार महिन्यांपासून गळायला लागते, कारण ती भरपूर तयार होते आणि गिळायचं अजून जमत नसतं. तिचा आणि दाताचा लगेच संबंध लावू नका. पहिला दात बहुतेक मुलांना सहाव्या महिन्याच्या आसपास येतो, पण चौथ्यात आला काय किंवा बाराव्यात आला काय, दोन्ही ठीकच. मग मी बॅटरी ठेवून दिली.

लाळेने मात्र हनुवटी आणि मानेच्या घड्या लालभडक झाल्या. मी सारखी पुसत होते आणि ती जागा आणखी सोलवटत होती. आईंनी माझा हात धरून थांबवलं. पुसू नको, टिपून घे. जांभळी नाक्यावरून मी दोन मीटर मलमल आणली, धुऊन मऊ केली आणि तिचे रुमालाएवढे तुकडे कापले. फडकं नुसतं टेकवायचं आणि उचलायचं. झोपायच्या आधी कोरड्या कातडीवर खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवायचा, म्हणजे रात्रीची लाळ थेट कातडीला लागत नाही. आठवड्याभरात हनुवटी निवळली. मलमलीचे ते तुकडे पुढे दुसऱ्याच कामाला आले.

एप्रिलच्या शेवटी माझी रजा संपली. २०१७ च्या दुरुस्तीपासून कायद्याने २६ आठवडे मिळतात. त्यातले तीन मी बाळंतपणाआधीच घेतले होते. म्हणजे बाळ साडेपाच महिन्यांचं होत असताना मी ऐरोलीच्या लोकलमध्ये उभी. हे गणित मला फार बोचतं. आई घराबाहेर पडते, वरचं अन्न सुरू होतं, हिरड्या सुजायला लागतात, हे सगळं एकाच महिन्या-दीड महिन्यात येतं. बाळ रडतं तेव्हा ते नेमकं कशासाठी रडतंय हे सांगणं कठीण. कित्येक संध्याकाळी मी दारात आले की ती मला घट्ट चिकटून तास-तासभर किरकिरायची. घरातले म्हणायचे, दात. मला अजूनही वाटतं, त्यातल्या अर्ध्या संध्याकाळी तिला फक्त मी हवी होते.

मेमध्ये मात्र हिरडी खरंच बदलली. खालची, अगदी मधली. एका रात्री दोनच्या सुमारास ती किंचाळून उठली. अंगावर घेतलं तर दोन घोट पिऊन तोंड सोडायची, पुन्हा शोधायची, पुन्हा सोडायची. दिवा लावून बघितलं. एरवी गुलाबी असणारी हिरडी तेवढ्याच जागी टम्म फुगली होती आणि तिच्या कडेवर तांदळाच्या कण्या आत ठेवाव्यात तशा दोन पांढुरक्या रेघा दिसत होत्या. मी हात लावायला घाबरत होते. आवाजाने आई उठून आल्या. मोरीत जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. नखं त्यांची कायम कापलेली. पुसले नाहीत, ओलेच ठेवले. पलंगावर मांडी घालून बसल्या, लेकीला मांडीवर आडवी घेतली, डावा हात मानेखाली. उजव्या हाताची तर्जनी तिच्या खालच्या ओठावर टेकवली आणि थांबल्या. बोट आत घातलंच नाही. तिनेच ते ओढून घेतलं. मग बोटाच्या पेराने, नखाने नव्हे, त्या सुजलेल्या जागेवर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सावकाश दाब देत गेल्या. चोळणं नव्हतं ते, दाबणं होतं. पोळीची कड दाबत जातो तसं. पहिल्या दोन-तीन दाबांना लेक कण्हली, मग तिचे खांदे खाली आले, मग तीच बोटावर जोरजोरात हिरड्या दाबायला लागली. “रडू नको गो बाय,” एवढंच आई म्हणत होत्या. सात-आठ मिनिटांनी ती बोट तोंडात ठेवूनच झोपली.

सगळ्या उपायांत मी पहिला नंबर याला देईन. दात आतून वर ढकलत असतो, त्याला बाहेरून दाब मिळाला की ती ठणक थोडा वेळ दबते. म्हणूनच मुलं हाताला येईल ते हिरड्यांत धरतात. फक्त हात स्वच्छ हवेत आणि घाई नको.

दुसरा नंबर गारव्याला. मलमलीचे ते तुकडे उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून, पिळून, घड्या घालून मी स्टीलच्या डब्यात ठेवायचे आणि डबा फ्रिजमध्ये, दुधाच्या पातेल्याशेजारी. फ्रीझरमध्ये अजिबात नाही. बर्फासारखी कडक वस्तू नाजूक हिरडीला उलट दुखवते. घडीचं एक टोक तिच्या तोंडात, दुसरं माझ्या हातात, असं ती पंधरा-वीस मिनिटं चघळत बसायची. ठाण्याच्या मे महिन्याच्या उकाड्यात तिला त्या गार फडक्याचा नुसता स्पर्शही सुखाचा वाटत असावा. गालालाच लावून घ्यायची. एक टीथरही घेतला, अखंड सिलिकॉनचा. पाणी भरलेला आधी कुणीतरी भेट दिला होता, पण मुलं चावून तो फोडू शकतात, म्हणून तो बाजूला काढला. महागडे तीन-चार प्रकार घरात आले. तिला आवडलं ते मलमलीचं फडकं आणि स्टीलच्या चमच्याची गार पाठ.

खाण्यातही गारच चालायचं. उष्टावण आम्ही मेच्या शेवटी केलं. मुलीचं उष्टावण पाचव्या-सातव्या अशा विषम महिन्यात करायची आईंची रीत, आणि सहा महिने पूर्ण होईपर्यंत वरचं काही नको असं डॉक्टरांचं म्हणणं. सातवा लागल्यावर केलं, दोघांचंही राहिलं. माझ्या भावाने मांडीवर घेऊन खीर चाटवली. नंतर हिरड्या दुखायच्या त्या दिवशी ती कोमट पेज तोंडाशीही येऊ द्यायची नाही, पण नाचणीचं सत्त्व गार करून दिलं की चार-सहा चमचे जायचे. दही घुसळून दिलेलंही आवडायचं. नाहीच खाल्लं तर मी अंगावर पाजायचे आणि सोडून द्यायचे.

आता जिथे आमचं पटलं नाही ते.

लेकीच्या हातात काळ्या-सोनेरी मण्यांच्या मनगट्या होत्या, बारशाला आलेल्या. मूठ तोंडात गेली की मनगट्याही जायच्या. एका दुपारी आईंच्या लक्षात आलं की दोरा भिजून-भिजून विरलाय. मी तेव्हा ऑफिसात होते. संध्याकाळी घरी आल्यावर मणी मोजले, सगळे होते. तरी त्या रात्री मला झोप लागली नाही. मनगट्या डबीत गेल्या. दृष्टीसाठी तळपायाला काजळाची तीट लावायचं ठरलं, त्याने आईंचं समाधान झालं. परदेशातून एका नातेवाइकांनी अंबरची, म्हणजे झाडाच्या दगड झालेल्या चिकाच्या मण्यांची, माळ पाठवली होती, दातांच्या दुखण्यावर म्हणून. ती मी गळ्यात घातलीच नाही. झोपेत माळ अडकून गळा आवळला जाण्याचा, मणी सुटून घशात जाण्याचा धोका खरा आहे, आणि तिने दुखणं थांबतं याला आधार काही नाही.

दोऱ्याला बांधलेली खारीक चघळायला द्यायची पद्धत आमच्याकडेही आहे. कच्चं गाजर देतात. सुरुवातीला सगळं ठीक चालतं, पण भिजून तुकडा सुटला की तो थेट श्वासनलिकेत जाऊ शकतो, आणि दात नसलेल्या बाळाला तो चावून बारीक करता येत नाही. मी नाही दिलं. आईंनी फार ताणलं नाही.

ताणलं ते टाकणखारावर. टाकणखाराची लाही करून, मधात कालवून हिरड्यांना चोळायची, दात सुखाने येतात, असं त्यांच्या सासूने त्यांना शिकवलं होतं. सोनार टाका लावताना वापरतात तोच हा खार. मी रात्री पाणी प्यायला उठले तर ओट्यावर वाटी तयार. त्या क्षणी मी चढ्या आवाजात बोलले आणि त्याचं मला वाईट वाटतं. दुसऱ्या दिवशी शांतपणे सांगितलं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नसतो. मधात बोट्युलिझमचे जिवाणू सुप्त अवस्थेत असू शकतात, आपल्या पोटात ते काही करत नाहीत, पण तान्ह्याच्या आतड्यात वाढून विष तयार करतात आणि अंगातली ताकदच जाते. टाकणखार पोटात गेला तर बाळाला उलट्या, झटके येऊ शकतात. आई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, माझ्या हाताने तिन्ही पोरांना दिलाय मी. त्या बोलण्यात राग नव्हता, भीती होती. मी त्यांच्याजवळ बसले. त्यांच्याकडे तेव्हा दुसरं होतं काय? रात्री-बेरात्री किंचाळणारं मूल, पंचक्रोशीत डॉक्टर नाही, आणि मोठ्यांनी सांगितलेलं एक औषध. त्यांनी ते जिवाच्या आकांताने दिलं. वाटी त्यांनीच मोरीत रिकामी केली.

टाकणखाराला नको म्हणणारी मी, चार दिवसांनी मेडिकलमधून हिरडीला लावायची जेल घेऊन आले. दुकानदाराने सगळ्यांना हीच देतो म्हणून हातात ठेवली, वय विचारलं नाही. घरी येऊन बारीक अक्षरं वाचली, आत सॅलिसिलेट होतं, म्हणजे ॲस्पिरिनच्या घराण्यातलं. डॉक्टरांना फोटो पाठवला. ताबडतोब उत्तर आलं, लावू नका. ब्रिटनमध्ये अशा जेल २००९ पासून सोळा वर्षांखालच्या कुणालाच वापरायच्या नाहीत. हिरडी बधिर करणाऱ्या बेन्झोकेनच्या जेलबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये सांगून ठेवलंय, दोन वर्षांखालच्या मुलांना नको, कारण क्वचित का होईना, रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकदच घटते. लिडोकेनचंही तसंच, जास्त गिळलं गेलं तर झटके. आणि इतकी लाळ गळत असते की जे लावाल ते काही मिनिटांत वाहून पोटात. हिरडीला त्याचा उपयोगही टिकत नाही. ट्यूबवर छापील किंमत होती, हसऱ्या बाळाचं चित्र होतं, म्हणून मला ती सुरक्षित वाटली होती.

आता जून. लेक रांगायला लागली होती. फरशीवर जे दिसेल ते तोंडात. टीथर खाली पडला की मी ओढणीला पुसून परत देत होते, कितीदा ते सांगता येणार नाही.

एका सोमवारी संध्याकाळी अंग गरम लागलं. थर्मामीटर लावला, १०१. आई म्हणाल्या, “दात येतत गो तिका. माझ्या तिन्ही पोरांका असोच ताप इलेलो.” हिरडी सुजलेली होतीच, समोर दिसत होती. मंगळवारी पातळ शी सुरू झाली, चार-पाच वेळा. दातांचे जुलाब, असं शेजारच्या काकूंनीही सांगितलं, ऑफिसातल्या दोघींनीही. मी गेले कामाला. बुधवारी ती खाईना. आम्ही म्हटलं, हिरडी दुखत असेल. दिवसभर झोपून होती, आम्हाला वाटलं, चला, झोप लागतेय. प्रत्येक गोष्टीला दात हे उत्तर तयार होतं आणि ते उत्तर इतकं चपखल बसत होतं की आम्ही पुढे विचारच केला नाही.

त्या रात्री १०२.४. वरच्या मजल्यावरच्या ताईंना फोन केला, त्यांना दोन मुलं. त्यांनी पॅरासिटामॉल अर्धा चमचा दे म्हणून सांगितलं. मी बाटली उघडली, औषधाच्या चमच्यात २.५ मिलीच्या खुणेपर्यंत भरलं. नवरा बाटली हातात घेऊन उभा होता, तो म्हणाला, थांब, यावर ड्रॉप्स लिहिलंय. ताई सांगत होत्या ते सिरपबद्दल, ज्याच्या ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम असतं. आमच्याकडे होते ड्रॉप्स, एका मिलीतच १०० मिलिग्रॅम. अर्धा चमचा म्हणजे २५० मिलिग्रॅम गेलं असतं. तिचं वजन तेव्हा ७.४ किलो. किलोला १५ मिलिग्रॅम या हिशेबाने तिला जास्तीत जास्त ११० चालतं. म्हणजे दुपटीहून जास्त. लसीच्या वेळची चिठ्ठी शोधली, त्यावर वजनाप्रमाणे मात्रा लिहिलेली होती. वजन वाढलं होतं, म्हणून डॉक्टरांना फोन करून विचारलं आणि ड्रॉपरने मोजून १ मिली दिलं. चमच्यातलं औषध बाटलीत परत ओतताना माझा हात थरथरत होता. पॅरासिटामॉल एकाच नावाने तीन-चार वेगवेगळ्या ताकदीचं मिळतं. बाळाचं वजन, बाटलीवरचा मिलीला किती मिलिग्रॅम हा आकडा, आणि डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा, या तिन्ही गोष्टी समोर असल्याशिवाय ते देऊ नये. चमच्याच्या भाषेत तर कुणाचंच ऐकू नये.

फोनवर डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला होता, शू कितीदा झाली? मला सांगता आलं नाही. डायपर होता, शी पातळ होती, त्यात शू कळतच नव्हती. त्यांनी सकाळपर्यंत थांबू नका म्हणून सांगितलं. पावसात रिक्षा मिळवून आम्ही गेलो. त्यांनी आधी टाळूवरून बोट फिरवलं, किंचित खोल गेली होती. अंगातलं पाणी किती कमी झालंय ते बघायला पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. तोंडात बोट घालून पाहिलं, जीभ चिकट. जिच्या लाळेने मार्चपासून घर ओलं होतं, तिच्या तोंडाला कोरड पडली होती आणि आमच्यापैकी एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. हे लिहितानाही मला कसंतरी होतंय.

मी म्हटलं, दातांमुळे असेल असं वाटलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, “दातामुळे जुलाब होत नाहीत. दात येण्याच्या वयात जुलाब होतात.”

मग त्यांनी समजावलं ते मी तेव्हापासून भेटेल त्या आईला सांगते. पोटात असताना आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती सहाव्या महिन्याच्या सुमारास ओसरायला लागते, मूल रांगतं, सगळं तोंडात घालतं, वरचं खाणं सुरू झालेलं असतं. आजारपणं नेमकी त्याच महिन्यांत सुरू होतात. आणि दुधाचे दात एकंदर वीस, ते साधारण सहाव्या महिन्यापासून अडीच-तीन वर्षांपर्यंत येत राहतात. म्हणजे या दोन वर्षांत मूल कधीही आजारी पडलं तरी कुठला ना कुठला दात वाटेवर असतोच. बोट दाखवायला तो कायम हजर. दातांनी हिरडी सुजते, लाळ गळते, चिडचिड होते, झोप मोडते, फार तर अंग थोडं कोमट लागतं. १०० पॉइंट ४ किंवा त्याच्या वरचा ताप दाताच्या नावावर टाकायचा नाही. जुलाब, उलट्या, पेंगुळलेपण तर नाहीच.

तिला आतड्याचा संसर्ग झाला होता. दाखल करावं लागलं नाही, अगदी थोडक्यात वाचलं. ओआरएसचं एक लिटरचं अख्खं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, पेल्यात चिमूटभर टाकून अंदाजाने नाही. केलेलं पाणी चोवीस तासांत संपवायचं, नाहीतर ओतून द्यायचं. चमच्या-चमच्याने, मिनिटा-दोन मिनिटांनी एक. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. अंगावरचं दूध चालूच. आणि झिंक रोज २० मिलिग्रॅम, जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण. पहिल्या रात्री नवरा, मी आणि आई पाळीपाळीने चमचा धरून बसलो. डायपर काढून मलमलीचे लंगोट बांधले, म्हणजे शू दिसेल. भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनात मी पेन्सिलीने रेघा मारत होते, एका शूला एक रेघ. पहाटे पाचला पहिली रेघ पडली तेव्हा आईंनी देवाजवळ दिवा लावला. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सहा रेघा झाल्या आणि हनुवटीवर पुन्हा लाळ आली.

त्यानंतर नऊ दिवसांनी, रविवारी सकाळी, आई तिला नाचणी भरवत होत्या. चमचा तोंडातून बाहेर काढताना ‘टिक्’ असा आवाज झाला. आईंचा हात तसाच थांबला. त्यांनी चमचा पुन्हा हळूच लावला. टिक्. मी कणीक मळत होते, तशीच धावले. खालच्या हिरडीत, डावीकडे, पांढरी धारदार कड, नखाच्या टोकाएवढी. आई मला म्हणाल्या, बघ, दातच होते. मी काही बोलले नाही. नऊ दिवसांपूर्वीच्या तापाशी त्याचा संबंध नव्हता, हे त्याही डॉक्टरांसमोर बसून ऐकून आल्या होत्या. पण त्या आनंदात होत्या आणि मीही.

पहिला दात आला आणि आठ दिवसांत तिने पाजताना चावा घेतला. मी ओरडले, ती दचकून रडली आणि दिवसभर अंगावर घेईना. नंतर जमलं ते असं. चावल्यावर ओढून काढायचं नाही, उलट तिला क्षणभर आणखी जवळ घ्यायचं, नाक दबलं की ती आपोआप तोंड उघडते. नाहीतर करंगळी ओठांच्या कोपऱ्यातून हिरड्यांमध्ये सरकवायची. बहुतेक वेळा पोट भरल्यावर, चाळा म्हणून चावायची. गिळण्याचा आवाज थांबला की मीच सोडवायला लागले. पाजण्याआधी गार फडकं चघळायला दिलं तरी फरक पडायचा.

त्याच आठवड्यापासून दात घासणंही सुरू केलं. छोटा मऊ ब्रश, त्यावर फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, रात्री झोपण्याआधी नक्की. पडणारेच दात आहेत, इतकं कशाला, असं पुष्कळांनी म्हटलं. पण ते पडणार सहाव्या वर्षापासून पुढे, मागच्या दुधाच्या दाढा तर दहा-बाराव्या वर्षापर्यंत राहणार. तोवर तिने खायचंय त्यांनीच. वाढदिवसाच्या आधी एकदा दातांच्या डॉक्टरांनाही दाखवून आणलं.

वरचे दोन सप्टेंबरात आले, शेजारचे दिवाळीपर्यंत. फार त्रास झाला नाही. एक-दोन संध्याकाळी तिला घेऊन तलावपाळीला चकरा मारल्या की निभायचं. मासुंदा तलावावरचा वारा, दिवे, होड्या. उभं धरून हिंडवलं की ती दुखणं विसरायची. रात्री चार भिंतींत काही नसतं विसरायला, म्हणून बहुतेक रात्रीच जास्त वाटतं.

आता जानेवारी आहे, ती चौदा महिन्यांची आहे आणि खालची पहिली दाढ येतेय. दाढेचा पृष्ठभाग रुंद, त्यामुळे हिरडी पुन्हा तशीच टम्म, मेमध्ये होती तशी. काल रात्री साडेबाराला रडत उठली, हाताला थोडी गरम लागली. मी दिवा लावेपर्यंत आई आल्याच होत्या.

“आधी तो थर्मामीटर हाड गो,” त्या म्हणाल्या.

९९.२. संध्याकाळपासून चार लंगोट ओले झाले होते. रात्रीचं जेवली होती. आईंनी मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, फ्रिजमधून स्टीलचा डबा काढला आणि मांडी घालून पलंगावर बसल्या.